घाट चढेना म्हणून स्कूटरचे रोलर बदलताय? थांबा, आधी या चुका टाळा

गेल्या चवथीच्या दोन दिवस आधी आम्ही घाटावरच्या सुर्लाला निघालो होतो, सासुरवाडीला. मागे बायको, पायाकडे माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या, सामानाची पिशवी, तिच्यात दोन नारळाच्या पेंडी आणि सुपारीचा घोस. केरी गेलं, अंजुणे धरण मागे पडलं आणि चोर्लाचा चढ लागला तशी गाडी नुसती किंचाळायला लागली, आवाज विमानाचा आणि काटा पंचवीसच्या पुढे जाईना, वर जळक्या रबराचा वास. बायको म्हणाली, "मागच्या महिन्यात बरी चढली होती की, तुम्ही काय केलंत हिला?"

केलं होतं ना. चार दिवस आधीच हलके रोलर टाकले होते, मागची मोठी स्प्रिंग कडक बसवली होती, आणि बेल्ट मात्र जुनाच ठेवला होता, का तर "चांगला दिसतोय". तीन चुका एकाच दुपारी. त्यामुळे नेमकं कुठे बिघडलं ते कळायला पुढचे तीन रविवार गेले. ते तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

आत काय चालतं ते थोडक्यात. पुढे इंजिनवर एक पुली, मागे चाकाकडे एक पुली, मध्ये बेल्ट. पुढच्या पुलीच्या आत सहा रोलर असतात, इंजिन फिरलं की ते बाहेर फेकले जातात आणि पुलीची तबकडी आत ढकलतात, मग बेल्ट वर चढतो, म्हणजेच गिअर बदलतो. मागची स्प्रिंग याच्या उलट जोर लावत असते. सगळं ट्युनिंग म्हणजे या दोघांची रस्सीखेच, बस. आपल्याकडे 1984 ला कायनेटिक होंडा आली तेव्हा लोकांना गिअर नसलेली गाडी म्हणजे जादू वाटायची, पण त्याच्या आधी 1958 साली हॉलंडच्या डाफ कंपनीने हीच करामत मोटारीत दाखवली होती. आणि बर्फावर धावणाऱ्या स्नोमोबाइलमध्येसुद्धा हेच तत्त्व आहे, फक्त तिथे रोलरच्या जागी बहुतेक वेळा वजनाचे हात असतात आणि ताकद कितीतरी जास्त. ते लोक क्लच (तिथे या पुल्यांनाच क्लच म्हणतात) ट्यून करतात ते तापमान बघून, चार फेऱ्या मारायच्या, थांबायचं, आणि दोन्ही पुल्या किती तापल्या ते टेम्परेचर गनने बघायचं. हात टेकवत नाही इतकी पुली तापली तर बेल्ट घसरतोय असं धरायचं. आपण मात्र बेल्ट तुटेपर्यंत कव्हर उघडत नाही.

आता चुकांकडे येऊ.

पहिली आणि सगळ्यात महाग चूक माझीच, बेल्ट न मोजता बाकीचं ट्यून करणं. बेल्ट वरून काळा कुळकुळीत दिसतो, तडे नाहीत, म्हणून आपण तो परत बसवतो. पण तो बाजूने झिजतो, रुंदीत. माझा नवा असताना साडेअठरा मिलिमीटर होता, काढल्यावर व्हर्नियरने मोजला तर जेमतेम सतरा. दीड मिलिमीटरने काय होतंय असं वाटतं, पण बारीक झालेला बेल्ट पुलीच्या दोन तबकड्यांमध्ये जास्त खोल बसतो, त्यामुळे मागे सुरुवातीचा पिकअप जातो आणि पुढे टॉप स्पीड जातो, दोन्ही टोकांना मार. त्यात सैल पडून घसरतो ते वेगळंच, घसरला की तापतो, तापला की आणखी लवकर झिजतो. हलके रोलर टाकून हे झाकता येत नाही, उलट इंजिन जास्त ओरडतं आणि घसरण वाढते. तुमच्या मॅन्युअलमध्ये कमीत कमी रुंदी दिलेली असते, तिच्याखाली गेला की फेकून द्या, किलोमीटर कितीही झालेले असोत. सेकंडहँड घेणाऱ्यांनी तर खास लक्ष द्या, काळ्या पाटीवर पिवळे आकडे घालून चार सीझन किनाऱ्यावर भाड्याने फिरलेल्या गाड्या नंतर पांढरी पाटी लावून विकायला येतात, कव्हर उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

दुसरं, रोलर एकदम दोन तीन ग्रॅमने हलके करायचे. "हलके टाका, पिकअप येतो" हे अर्धं खरं. रोलरचा जोर वजनाच्या सरळ पटीत असतो आणि वेगाच्या वर्गाच्या पटीत, म्हणून वजन दहा टक्के कमी केलं तर तोच जोर मिळायला इंजिन साधारण पाच टक्के जास्त फिरावं लागतं. म्हणजे 6000 ला जिथे गिअर बदलायचा तिथे आता 6300 च्या वर बदलणार. हे चढावर बरं वाटतं, पण पणजी ते म्हापसा सरळ हायवेवर त्याच स्पीडला इंजिन जास्त फिरतं, पेट्रोल जास्त जातं, सगळं जास्त तापतं. एका वेळी अर्धा ते एक ग्रॅम, त्याहून जास्त नाही. मधलं वजन हवं असेल तर तीन रोलर एका वजनाचे आणि तीन दुसऱ्या, पण एकाआड एक बसवायचे, सगळे जड एका बाजूला ठेवले तर पुली थरथरते. आणि जुने काढाल तेव्हा हातात घेऊन बघा, एका बाजूने चपटे झाले असतील तर ट्युनिंगचा विषयच नाही, गाडी धक्के देत होती ती त्यामुळेच, तेवढ्याच वजनाचे नवे टाका आणि आधी चालवून बघा. माझ्या शेजारच्या पोराचं सगळं "ट्युनिंग" एवढ्यावरच संपलं.

मागची मोठी स्प्रिंग. 1000, 1500, 2000 अशा नावाने मिळतात आणि 2000 ची बसवली की रेसची गाडी झाली असं वाटतं. रोजच्या गाडीत कडक स्प्रिंगने बेल्टवर दाब फार वाढतो, पुढच्या पुलीला ती उघडायला जास्त ताकद लागते, ती ताकद जाते उष्णतेत. मी 1500 ची काढून मूळची परत टाकली तेव्हा कव्हर हाताला लगेच कमी गरम लागलं. क्लचच्या तीन बारीक स्प्रिंगा वेगळ्या, त्या कडक केल्या की गाडी जास्त आरपीएमला हलायला लागते, ट्रॅफिकमध्ये नुसता वैताग आणि क्लच शू घासून घासून तापतात. क्लचच्या बेलवर, म्हणजे शू जिला आतून घासतात त्या वाटीवर, निळे डाग दिसले तर समजा की तिथे भट्टी लागली होती. चढावर सिग्नलला ब्रेक न धरता ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरणारे लोक हे डाग स्वतःच्या हाताने पाडतात.

बसवताना होणारी चूक

ही खरी जपायची. पुढचा नट बसवताना बेल्ट तबकड्यांच्या मध्ये वर अडकलेला असतो, नट घट्ट होतो, आपल्याला वाटतं झालं, पण घट्ट झालाय तो बेल्टवर, बॉसवर (पुलीच्या मधल्या नळीवर) नाही. दोन किलोमीटर गेल्यावर बेल्ट खाली सरकतो आणि नट ढिला. मग शाफ्टचे दाते खातो, आणि त्याचं बिल बघून माणूस चालत जायला लागतो. उपाय सोपा आहे, आधी मागची पुली हाताने उघडून बेल्ट तिच्यात खोल दाबायचा, म्हणजे पुढे तो सैल पडतो, पुढची बाहेरची तबकडी बसवून ती थेट बॉसला टेकली आहे हे बोटाने हलवून बघायचं आणि मगच नट. इम्पॅक्ट गनने उघडा हवं तर, पण आवळायला टॉर्क रेंच, म्हणजे जोर मोजून आवळायचा पाना. आणि पुली धरून ठेवायला पंख्याच्या पात्यात स्क्रूड्रायव्हर खुपसू नका! एक पातं तुटलं की बॅलन्स गेला आणि हवाही कमी. बिजागरीचा होल्डर मिळतो बाजारात, तो घ्या.

ग्रीसबद्दल भांडणं खूप होतात. काही मॉडेलमध्ये रोलरच्या खोबणीला रबरी सील असते आणि मोजून ग्रीस घालायला सांगितलेलं असतं, काहींमध्ये पूर्ण कोरडं. मॅन्युअल बघा, मेस्त्रीच्या सवयीवर जाऊ नका. ग्रीस उडून तबकडीवर आलं तर बेल्ट घसरणारच. तबकड्या ब्रेक क्लीनरने पुसा, बेल्टला मात्र पेट्रोल लावू नका, साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा, तेवढं पुरे. नवा बेल्ट पहिले शंभरेक किलोमीटर सांभाळून चालवा.

थंड ठेवायच्या नादात कव्हरला ड्रिल मारून भोकं पाडणारे इथे बरेच आहेत. मे महिन्यात छान वाटतं, जूनमध्ये तीच भोकं पाणी आत घेतात. बेल्ट ओला झाला की इंजिन फिरतं आणि गाडी जागची हलत नाही, तेव्हा रेटू नका, बाजूला लावा, कव्हरखाली निचऱ्याची नळी असेल तर उघडा. भोकं पाडण्यापेक्षा कव्हरच्या हवेच्या वाटेतला छोटा स्पंजचा फिल्टर बघा, बहुतेक गाड्यांत तो चिखलाने गच्च असतो आणि तापण्याचं अर्धं कारण तिथेच असतं. रायबंदर-चोडण फेरीबोटीने रोज ये-जा करणाऱ्यांनी तर दर पावसाळ्यानंतर उघडून बघावं, रॅम्पवर खारं पाणी असतं, आणि गाडी महिनाभर उभी राहिली तर तबकडीवर गंजाची रेघ येते, ती बेल्टला किसणीसारखी खाते. बारीक स्क्रबने पुसून घ्या, सँडपेपरने खरवडू नका.

शेवटी मी ज्या युक्तीने निदान केलं ती. पुढच्या तबकडीवर मध्यापासून कडेपर्यंत मार्करने एक सरळ रेघ मारायची, कव्हर लावून मोकळ्या रस्त्यावर पूर्ण ॲक्सिलरेटरने एक फेरी, परत उघडायचं. बेल्ट जिथपर्यंत चढला तिथपर्यंत रेघ पुसलेली असते. माझी कडेपासून बरीच आत अर्धवट राहिली होती, म्हणजे बेल्ट वरपर्यंत चढतच नव्हता. मग नवा बेल्ट, मूळची स्प्रिंग, आणि मूळच्यापेक्षा एकच ग्रॅम हलके रोलर, प्रत्येक गोष्ट वेगवेगळ्या रविवारी. आता रेघ जवळजवळ कडेपर्यंत पुसली जाते, दोघं बसून चोर्लाला गाडी चाळीसने चढते, आणि वास येतो तो फक्त पिशवीतल्या पिकलेल्या केळ्यांचा.