लाकडाने खारं पाणी गोडं करताना या चुका टाळा

काचेच्या उतरत्या पेटीत समुद्राचं पाणी, त्यावर तरंगणारा, वरून करपवलेला लाकडाचा तुकडा. ऊन लागलं की लाकूड खालून पाणी ओढतं, काळ्या थरावर त्याची वाफ होते, काचेला थेंब धरतात, ते घरंगळून पन्हळीत आणि तिथून बाटलीत जमतात. एवढ्याशा मांडणीत लोक त्याच त्याच ठिकाणी माती खातात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे फळी वापरणं. झाडात पाणी रेषांच्या दिशेने चढतं, म्हणून ओंडक्याची आडवी चकतीच कापायची. रत्नागिरीकडच्या एका विज्ञान प्रदर्शनात मुलांनी सागाची फळी आणली होती, वर काळा ऑइलपेंट. हात ठेवला तर चटका बसला, ओलावा नावाला नाही. लाकूड तेलकट आणि घट्ट, त्यात रंगाने छिद्रं बुजलेली. पाणी चढणार कुठून? तरी बाटलीत पाणी होतंच! जिभेला लावलं, खारट. पेटी मैदानात आणताना पाणी हिंदकळून पन्हळीत सांडलं होतं. तेव्हापासून मी खाऱ्या पाण्यात आधी खायचा लाल रंग कालवतो. रंगाची वाफ होत नाही, त्यामुळे जमलेलं पाणी गुलाबी दिसलं की ओतून द्यायचं. टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, त्यानंतर.

लाकूड हलकं हवं: पांगारा, काटेसावर, मिळालं तर बाल्सा. तापल्या तव्यावर एक बाजू करपवा, दोन-तीन मिलिमीटर पुरे. ब्लो टॉर्चवाले घाईत आरपार कोळसा करतात आणि चकती तडकली की लाकडाला नावं ठेवतात.

समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. वर पांढरी खपली धरली की चाकूने खरवडू नका, काळा थरही निघतो. मी चकती रात्रभर तशीच तरंगत ठेवतो, मीठ विरघळून खाली उतरतं. अमेरिकेतल्या मेरिलँड विद्यापीठात लियांगबिंग हू यांच्या गटाने 2019 मध्ये लाकडात मुद्दाम भोकं पाडली. रुंद भोकांतलं पाणी कमी खारट राहतं, लाकडाच्या मूळच्या बारीक नळ्यांतलं मीठ तिकडे सरकून खाली जातं. ड्रिल असेल तर घरीही करून बघा.

चकतीभोवती थर्माकोल लावा, नाहीतर ऊन खालचं पाणी तापवण्यात जातं.

पेटीतलं खारं पाणी जेवढं घटलं तेवढं गोडं पाणी मिळालं, असं धरू नका. फटीतून गेलेली वाफ बाटलीत येत नाही.

कडक उन्हात, चौरस मीटरला 1,000 वॅट धरले तरी तासाला जेमतेम दीड लिटर वाफ होते. 10 बाय 10 सेंटिमीटरच्या तुकड्याला 15 मिलिलिटर, म्हणजे तीन चमचे. सकाळी मांडून दुपारी बादली मागणाऱ्यांनी सरळ टँकर बोलवावा.

काच सिलिकॉनने चिकटवलीत तर आंबूस वास पूर्ण जाईपर्यंत पाणी भरू नका.