मतदार यादीत नाव आहे का ते आजच बघा

२०२४ च्या लोकसभेला मुंबई उत्तर पश्चिममध्ये काय झालं आठवतंय ना, रवींद्र वायकर ४,५२,६४४ आणि अमोल कीर्तिकर ४,५२,५९६, म्हणजे फरक फक्त ४८ मतांचा, एका बिल्डिंगीत त्यापेक्षा जास्त मतदार असतात. त्याआधी २०१७ ला मुंबई महापालिकेच्या वॉर्ड २२० मध्ये तर दोघांना सारखीच मतं पडली आणि शेवटी चिठ्ठी काढून नगरसेवक ठरला. त्यामुळे माझ्या एकट्याच्या मताने काय होतंय असं प्लीज म्हणू नका.

पण बरीच मतं मतदानाच्या कितीतरी आधीच वाया गेलेली असतात, कारण यादीत नाव नसतं आणि ते कळतं केंद्रावर गेल्यावर. मतदार कार्ड आहे म्हणजे नाव आहे असं अजिबात नाही! घर बदललं, मागे कोणीतरी चौकशीला आलं आणि "ते इथे राहत नाहीत" असं शेजाऱ्यांनी सांगितलं की नाव कमी होऊ शकतं. उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख गेली की त्या निवडणुकीसाठी नवीन नाव घालता येत नाही, मग कितीही भांडा.

म्हणून आधी निवडणूक आयोगाच्या व्होटर्स पोर्टलवर जा किंवा आयोगाचं ॲप घ्या, कार्डावरचा एपिक नंबर (म्हणजे मतदार ओळखपत्राचा क्रमांक) टाका, नाव, भाग क्रमांक आणि केंद्र दिसेल, स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि घरातल्या सगळ्यांचं एकदमच बघा. ऑनलाइन जमत नसेल तर १९५० ला फोन करा किंवा आपल्या भागाच्या बीएलओंना (यादीचं काम बघणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांना) गाठा, बऱ्याचदा जवळच्या शाळेतले शिक्षक किंवा अंगणवाडी सेविकाच असतात.

नाव नसेल तर फॉर्म ६. पत्ता बदलला, नावात चूक आहे, कार्ड हरवलं, या सगळ्याला फॉर्म ८. घरातलं कोणी वारलं असेल तर फॉर्म ७ भरून ते नाव काढा, जड जातं पण करा, नाहीतर त्या नावावर दुसरं कोणी मत टाकायचा धोका राहतो. आणि पोरगं १७ पूर्ण झालं की आधीच अर्ज करता येतो, वर्षातून ४ तारखा धरतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर, त्या तारखेला १८ पूर्ण झालं की नाव लागतं. अर्ज केल्यावर मिळणारा रेफरन्स नंबर जपून ठेवा आणि अधूनमधून स्टेटस बघत रहा.

आता मतदानाचा दिवस. नुसती व्होटर स्लिप ओळखपत्र म्हणून चालत नाही, एपिक कार्ड घ्या, ते नसेल तर आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट, फोटो असलेलं बँकेचं पासबुक यातलं काहीही चालतं, पण यादीत नाव हवंच. मालक सुट्टी देत नसेल तर सांगा की कायद्याने पगारी सुट्टी आहे, रोजंदारीवाल्यांना पण. लोकसभा-विधानसभेला बटण दाबल्यावर बाजूच्या व्हीव्हीपॅट मशीनच्या काचेत ७ सेकंद तुमच्या मताची चिठ्ठी दिसते, घाई न करता ती बघा. महापालिकेला मात्र मुंबई सोडून बहुतेक ठिकाणी एका प्रभागात चार जागा असतात, म्हणजे चार बटणं दाबायची, आणि तिथेच गडबड होते, लोक एक दाबून निघतात आणि अधिकारी मागून हाक मारतात "अहो काकू, अजून तीन राहिली". कोणीच पटत नसेल तर त्या जागेला नोटा (वरीलपैकी कोणीही नाही) दाबा पण अर्धवट सोडून येऊ नका.

तुमच्या नावावर आधीच कोणी मत टाकून गेलं असेल तर गुपचूप घरी परत यायचं नाही. केंद्राध्यक्षांकडे प्रदत्त मत मागा, तुमची ओळख पटली की ते कागदी मतपत्रिका देतात. ती एरवी मोजत नाहीत, वेगळी सीलबंद ठेवतात, पण निकाल कोर्टात गेला तर तिचा विचार होऊ शकतो, आणि ४८ मतांच्या फरकात अशी मतं किती महत्त्वाची ते वेगळं सांगायला नको.

घरात ८५ च्या वरचे आजी-आजोबा असतील किंवा ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेलं कोणी असेल तर लोकसभा-विधानसभेला फॉर्म १२ड भरा, टीम घरी येऊन मत घेऊन जाते. फक्त निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून ५ दिवसांच्या आत तो पोचला पाहिजे, त्यामुळे बीएलओंचा नंबर आत्ताच मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा.