काऊन, कुठी, कितवा: इंग्रजीत प्रश्न कसा विचारायचा

चेन्नईचा एक ऑफिसातला मित्र पहिल्यांदा नागपूरला आला, विमानतळावर उतरून मेट्रोत बसला आणि मी त्याला फोनवर विचारलं, "यू व्हेअर रीच्ड?" दोन सेकंद तिकडून काहीच नाही. समजलं त्याला, पण उशिरा. मला तर शब्द सगळे येत होते, व्हॉट व्हेअर व्हाय चौथीपासून पाठ आहेत, मग अडलं कुठे? अडलं ते जागेवर. आपण "तू कुठी पोहोचला" असं म्हणतो, कुठी मधात आणि क्रियापद शेवटी, मी तेच जसंच्या तसं इंग्रजीत ओतलं. साधं "व्हेअर आर यू नाऊ?" म्हटलं असतं तरी काम झालं असतं.

तर पहिली गोष्ट ही की प्रश्नाचा शब्द सगळ्यात आधी काढायचा, त्याच्या मागे लगेच आर, इज, डू, डिड, कॅन यापैकी एक, मग माणूस, मग काम. यात नागपूरवाल्यांना एक फायदा आहे बरं का. "तू काय करून राहिला?" यावर पुण्याची मंडळी हसतात, हसू द्या, पण यातला "राहिला" म्हणजे इंग्रजीतला "आर"च समजा. व्हॉट म्हणजे काय, आर म्हणजे राहिला, यू म्हणजे तू, डूइंग म्हणजे करून. व्हॉट आर यू डूइंग. चारही तुकडे तुमच्याजवळ आधीच आहेत, फक्त राहिलाला शेवटून उचलून काय च्या बाजूला बसवायचं. आणि "व्हॉट डू यू डू?" हा वेगळा प्रश्न आहे, तो तुमचा कामधंदा विचारतो, त्याला "चहा पिऊन राहिलो" असं उत्तर देऊ नका, मी दिलंय.

राहिला नसेल तिथे बहुतेक वेळा डू, डझ, डिड आणावं लागते आणि सगळ्यात जास्त घसरगुंडी डिडवर होते. दीक्षाभूमीवर पाहुण्याला घेऊन गेलात, त्याला बाबासाहेबांनी दीक्षा कधी घेतली ते विचारायचं आहे, तर "व्हेन डिड बाबासाहेब एम्ब्रेस बुद्धिझम?" (उत्तर 1956, 14 ऑक्टोबर). एम्ब्रेस्ड नाही, कारण भूतकाळ डिडने आधीच घेऊन टाकला, दोनदा कशाला लावता. "व्हाय डिड यू केम" हे मी रोज ऐकतो.

पण हू ने कर्ता विचारला तर डिड लागतच नाही. "ही तर्री कोणी बनवली?" म्हणजे "हू मेड धिस तर्री?" बस. इथे मात्र मेडच.

आता कितवा. हा शब्द इंग्रजीत नाहीच आहे, शोधू नका, मी लय शोधला. रस्ता असा की बहुतेक वेळा व्हिच वापरायचं. गाडी कितव्या प्लॅटफॉर्मवर? "व्हिच प्लॅटफॉर्म?" पोरगा कितवीत आहे? "व्हिच क्लास इज ही इन?" घरात तू कितवा असं विचारायचं असेल तर सरळ "आर यू द एल्डेस्ट?" विचारा, बाकीचं तो स्वतःच सांगते.

वरच्या वाक्यात शेवटी "इन" लटकलेला दिसला का? आपले प्रत्यय शब्दालाच चिकटतात, कोणासोबत, कुठून, कशासाठी. इंग्रजीत ते सुटून शेवटी जाऊन बसतात. कुठून आलात: "व्हेअर आर यू फ्रॉम?" कोणासोबत आला: "हू डिड यू कम विथ?" सुरुवातीला अर्धवट वाटते, वाटू द्या.

आणि काऊन जपून वापरा. आपण "काऊन आला बे?" प्रेमानं म्हणतो, पण अनोळखी माणसाला "व्हाय डिड यू कम टू नागपूर?" म्हटलं की त्याला वाटते आलो ते चुकलंच. त्यापेक्षा "व्हॉट ब्रिंग्ज यू टू नागपूर?" म्हणा, अर्थ तोच पण गोड लागते.

"तू येते का?" मधला "का" म्हणजे व्हाय नाही, तिथे प्रश्नाचा शब्द लागतच नाही, "आर यू कमिंग?" एवढंच, आवाज शेवटी थोडा वर. व्हॉट, व्हेअरच्या प्रश्नात मात्र आवाज बहुतेकदा खाली येते.

"हाऊ डझ ही लुक लाइक" हेही सोडा. लाइक असेल तर व्हॉट, "व्हॉट डझ ही लुक लाइक?" तसंच एखाद्या वस्तूचं नाव येत नसेल तर "हाऊ टू से" करत बसू नका, बोट दाखवून "व्हॉट डू यू कॉल धिस?" विचारा, हे एक वाक्य मला सगळ्यात कामी आलं.

अनोळखी माणसाला रस्ता विचारताना एकदम व्हेअर फेकला की उद्धट वाटते म्हणून आधी "कुड यू टेल मी" लावतात. पण ते लावलं की मघाचा सगळा नियम उलटा होते. "कुड यू टेल मी व्हेअर द टिकेट काउंटर इज?" इज परत शेवटी गेला, "कुठे आहे" सारखाच, म्हणजे आपल्या मराठीच्या चालीवर.

सराव कुठे करायचा विचाराल तर सीताबर्डी मेट्रो स्टेशनवर, ऑरेंज आणि ॲक्वा दोन्ही लाइन तिथेच मिळतात, बाहेरगावचा कोणीतरी गोंधळलेला असतेच. माझ्या त्या मित्रानेही तिथूनच परत फोन केला, "व्हेअर डू आय चेंज फॉर द ॲक्वा लाइन?" आणि त्याला वरच्या मजल्यावर जायचं की खालच्या हे सांगता सांगता माझं इंग्रजी पुन्हा आटलं.