प्राचीन लाकडातून डीएनए काढताय? या चुका टाळा

लाकूड शाबूत दिसतंय म्हणजे डीएनएही शाबूत असेल, हा या कामातला सगळ्यात महागात पडणारा समज. ओकच्या गाभ्याचं काळपट लाकूड टणक आणि टिकाऊ खरं, पण झाड उभं असतानाच त्यातल्या पेशी मेलेल्या असतात, डीएनएची मोडतोड तेव्हापासूनच चालू झालेली असते. वर टॅनिन, म्हणजे लाकडातलं तुरट द्रव्य, भरपूर. म्हणून नमुना शोधायचा तो सालीलगतच्या फिकट लाकडात. ते मऊ, भुसभुशीत असतं आणि कीड आधी त्यालाच लागते, त्यामुळे जुन्या सुतारांनी ते बहुधा तासूनच टाकलेलं असतं. उरलं असेल तर घाईने खरवडू नका. झाड कोणत्या वर्षी तोडलं हे वलयं मोजणाऱ्यांना त्याच पट्ट्यावरून कळतं. त्यांचं मोजमाप आधी होऊ द्या.

उत्खननातही चूक ठरलेली असते. चिखलातून काढलेली फळी स्वच्छ धुऊन उन्हात सुकवायची! प्राणवायू न मिळाल्यामुळे जे लाकूड टिकलं, त्याला वर येताच हवा आणि बुरशी दोन्ही मिळतात. त्यामुळे नमुना ओलाच, गार आणि अंधारात ठेवा आणि शक्य तितक्या लवकर गोठवा. संवर्धनाचं रसायन चढण्याआधीच तुमचा तुकडा बाजूला काढून घ्या. 1961 साली समुद्रातून वर काढलेल्या स्वीडनच्या ‘वासा’ जहाजावर पुढे 17 वर्षं पॉलिइथिलीन ग्लायकॉल (लाकडातल्या पाण्याची जागा घेणारं मेणासारखं रसायन) फवारत होते. आकार वाचवायला ते लागतंच, पण असं मुरलेलं लाकूड हाती घेऊन डीएनए शोधणं म्हणजे साफसफाईचं काम दुप्पट.

कोळशाचा मोह तर टाळाच. सूक्ष्मदर्शकाखाली त्याची रचना सुरेख दिसते, झाडाची जातही बऱ्याचदा ओळखता येते, पण जळताना डीएनए जवळपास संपलेला असतो.

आता प्रयोगशाळेत. पीसीआरला, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवणाऱ्या प्रक्रियेला, काहीच आलं नाही, तर लगेच ‘डीएनए नाही’ असं लिहून मोकळे होऊ नका. लाकडातून काढलेला अर्क तपकिरी आहे का ते पाहा. टॅनिन आणि मातीतली ह्यूमिक द्रव्यं (कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून बनणारी) प्रती बनवणाऱ्या विकराला अडवतात. अर्क दहापट पातळ करून पुन्हा लावा, किंवा ओळखीचा डीएनए मुद्दाम मिसळून तो तरी वाढतो का ते बघा. तोही वाढला नाही तर दोष अडथळ्याचा.

याच्या उलट, निकाल फारच छान आला तर जास्त घाबरा. डीएनए ए, सी, जी, टी या चार अक्षरांत लिहिलेला असतो आणि जुन्या डीएनएचे तुकडे सहसा 100 अक्षरांच्याही आतले असतात. 500 अक्षरांचा सलग तुकडा हाती आला, तर ती ताज्या डीएनएची भेसळ समजा, बहुधा शेजारच्या खोलीत कुणीतरी ताजी ओकची पानं कुटतंय. प्रत्येक खेपेला लाकूड न घातलेला कोरा नमुना सोबत चालवा. तुकड्यांच्या टोकांना ‘सी’च्या जागी ‘टी’ दिसण्याचं प्रमाण वाढलेलं आहे का, हेही तपासा. ही जुनाटपणाची खूण पुसून टाकणारी विकरप्रक्रिया सगळ्याच नमुन्यांवर आधीच करून बसू नका. मग पुरावा काय दाखवणार?

आकडे वाचतानाही सावध राहा. 2018 साली युरोपातल्या पाण्यात राहिलेल्या 167 ओक नमुन्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचं वय 550 ते 9,800 वर्षं होतं. 140 नमुन्यांतला डीएनए तपासता आला, पण त्यात झाडाबरोबर जंतूंचाही डीएनए आला. हरितलवकांच्या डीएनएवरून मातृवंश (आईकडून आलेला वंश) पाहून आजच्या जंगलांशी जुळवले गेले ते 21 नमुने. तुमच्या प्रस्तावात 140 लिहायचे की 21, हे प्रामाणिकपणे ठरवा.

शेवटची चूक अर्थ लावण्यातली. हरितलवकांचा डीएनए पेशीत भरपूर, म्हणून हाती लागतो आधी तोच. पण युरोपातल्या ओकच्या जवळच्या जातींत आपापसांत संकर होत आला आहे, आणि एकाच भागातल्या दोन जातींत एकच मातृवंश सापडतो. त्यावरून जात सांगू नका. त्यावरून गावही सांगता येत नाही, कारण एकेक वंश कित्येक देशांत पसरलेला असतो. तुळई स्थानिक वंशाशी जुळत नसेल, तर ती बाहेरून आली असावी असं म्हणता येईल. जुळली, तर ती तिथलीच असू शकते, एवढंच.