चिमटा लांबवला की मागच्या शॉकअपचं गणित बदलतं

चिमटा, म्हणजे मोटरसायकलचं मागचं चाक धरणारा स्विंगआर्म, लांबवलेल्या गाडीला शॉकअप निवडताना ब्रँड सगळ्यात शेवटी बघायचा. गॅसचा की तेलाचा, डबीवाला की साधा, हेही नंतर. आधी तीन मापं घ्या: पिव्हटपासून (चिमटा फ्रेमला जिथे जोडलेला असतो तिथून) ॲक्सल पूर्वी किती लांब होता, आता किती लांब आहे, आणि शॉकअपचा खालचा बोल्ट पिव्हटपासून किती अंतरावर बसतो. ही मापं न विचारता कोणी तुम्हाला शॉकअप सुचवत असेल तर ऐकू नका, मग तो कोल्हापूरच्या उद्यमनगरात जन्म काढलेला मेस्त्री का असेना.

नुकतेच या कामात शिरलेल्यांसाठी हे लिहितोय. आयटीआय किंवा डिप्लोमा झालाय, शिवाजी उद्यमनगरात नाहीतर शिरोलीला कुणाच्या तरी हाताखाली उभे आहात, आणि ड्रॅगसाठी, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीसाठी, लांब होणारी पहिली गाडी समोर आलीय. स्प्रिंग रेट (स्प्रिंग एक मिमी दाबायला लागणारा जोर), प्रीलोड (भार येण्याआधीच स्प्रिंग किती आवळलीय), सॅग (भाराने गाडी किती खाली बसते), रिबाउंड (दबलेला शॉकअप परत उघडणं) हे शब्द तुम्हाला माहीत आहेत असं धरतो.

लांबी कशासाठी वाढवतात तेही माहीत असेल. क्लच सोडताना पुढचं चाक उठू नये म्हणून. मागचा ॲक्सल गुरुत्वमध्यापासून जितका मागे जाईल, तितका जास्त जोर पुढचं चाक जमिनीवर ठेवून लावता येतो. इथवर सगळ्यांना कळतं. शॉकअपचा विषय आला की मात्र बहुतेक ठिकाणी एकच वाक्य ऐकू येतं, “आहे तोच राहू दे, थोडा आवळू.”

पहारीचा दांडा लांब असला की कमी जोरात दगड हलतो. इथे ती पहार चाकाच्या हातात आहे आणि दगडाच्या जागी तुमची स्प्रिंग आहे.

आकडे मांडून बघू. मोनोशॉकची (मागे एकच शॉकअप असलेली), मध्ये लिंकेज (चिमटा आणि शॉकअप यांच्यामधल्या जोडपट्ट्या) नसलेली गाडी घ्या. पिव्हटपासून शॉकअपच्या रेषेपर्यंतचं काटकोनातलं अंतर २०० मिमी, मूळ चिमटा ४८० मिमी. म्हणजे चाक २.४ मिमी वर गेलं की शॉकअप १ मिमी दबतो. शॉकअपचा स्ट्रोक ५० मिमी असेल तर चाकाला १२० मिमी हालचाल मिळते. स्प्रिंग ९० न्यूटन प्रति मिमीची आहे, पण चाकाला ती तेवढी कडक लागत नाही. गुणोत्तराच्या वर्गाने भागावं लागतं: ९० भागिले ५.७६, म्हणजे १५.६. वर्ग का? तरफेमुळे एकदा जोर कमी होतो आणि एकदा अंतर वाढतं, म्हणून भागाकार दोनदा.

आता चिमटा १०० मिमीने लांबवा. गुणोत्तर २.९ झालं, त्याचा वर्ग ८.४१. तीच स्प्रिंग आता चाकापाशी १०.७ भरते. चिमटा २१ टक्के लांब झाला आणि कडकपणा सुमारे ३२ टक्के गेला. स्प्रिंगला कोणी हातही लावला नाही, तरी ती मऊ झाली.

यावर कुणीतरी हमखास म्हणतं की लांब गाडीत मागच्या चाकावर वजन कमी येतं, मग मऊ स्प्रिंग चालेल. वजन कमी येतं हे खरं आहे. व्हीलबेस १३५० वरून १४५० मिमी झाला तर मागचा भार सुमारे ७ टक्के घटतो. पण ३२ टक्क्यांच्या तुटीपुढे ते ७ टक्के पुरत नाहीत.

आता ज्या सापळ्यात मी अडकलो होतो त्याकडे येतो. इथे मी जरा जास्तच लिहिणार आहे, कारण हे मला कुणी नीट सांगितलं नव्हतं आणि आजही नव्या पोरांना ते उलटंच शिकवलं जातं.

वरच्याच गाडीवर स्वार बसल्यावर मागे १००० न्यूटन भार येतो असं धरा, म्हणजे साधारण १०२ किलो. स्वार नसताना ६०० न्यूटन. मूळ गाडीत प्रीलोड १२ मिमी. हिशेब केला तर स्वारासकट गाडी ३५ मिमी बसते आणि एकटी उभी असताना १० मिमी. १२० मिमी हालचालीत ३५ म्हणजे २९ टक्के. साधारण २५ ते ३० टक्के सॅग ठेवतात, म्हणजे अगदी ठीक.

चिमटा लांबवला, बाकी काही बदललं नाही. ७ टक्के घटलेला भार धरूनही स्वारासकट गाडी आता ५२ मिमी बसते. मागून गाडी खचलेली दिसते, हँडल हलकं लागतं. मग हुक पाना घेऊन नट आवळायला सुरुवात होते. प्रीलोड १२ वरून १८ मिमीवर नेला की सॅग परत ३५ मिमी. पट्टीवर आकडा बरोबर आला, गिऱ्हाईक खूश, गाडी बाहेर.

पण स्प्रिंग अजूनही चाकापाशी १०.७ चीच आहे. प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही. १८ मिमी आवळलेली ९० ची स्प्रिंग १६२० न्यूटनपर्यंत हलत नाही, आणि हलायला लागली की पुढच्या प्रत्येक मिलिमीटरला तेवढेच ९० न्यूटन घेते. आवळून तुम्ही गाडी वर उचलता, स्प्रिंग तशीच राहते. खड्डा आला की ती मूळ गाडीपेक्षा जास्त खोल जाणार आणि स्टॉपरवर, म्हणजे शॉकअपची हालचाल संपते तिथे, आपटणार.

आता स्वाराला खाली उतरवा आणि एकट्या गाडीचा सॅग मोजा. जवळजवळ शून्य येईल. शॉकअप पूर्ण ताणून उभा. गाडी ढकलून बघणारा म्हणतो, “मागनं दगड झालीय, स्प्रिंग लई कडक आहे.” मीही हेच समजत होतो, आणि याच समजुतीने त्याहून मऊ स्प्रिंग शोधत फिरलो. खरं नेमकं उलट आहे. स्वारासकट सॅग बरोबर आणि एकट्या गाडीचा सॅग शून्य, याचा अर्थ स्प्रिंग मऊ आहे आणि ती मऊ आहे म्हणूनच तुम्हाला तिला इतकं आवळावं लागलं. याउलट स्वारासकट सॅग बरोबर असताना एकटी गाडीच खूप खाली बसत असेल, तर स्प्रिंग कडक आहे.

वरचा परिच्छेद पुन्हा वाचा. हाताला जे जाणवतं त्याच्या हे विरुद्ध आहे, म्हणून पहिल्यांदा पटत नाही. वहीत स्वतः आकडे मांडलेत की पटेल. त्याच गाडीत १२२ ची स्प्रिंग घाला, प्रीलोड १० मिमी ठेवा. स्वारासकट ३५, एकट्या गाडीला ९ मिमीच्या आसपास. मूळ गाडीसारखीच बसते.

१२२ कुठून आले? वर्गाचं गुणोत्तर १.४६ (८.४१ भागिले ५.७६), त्याला घटलेल्या भाराचे ०.९३ लावले की १.३६. ९० गुणिले १.३६. एवढंच.

मात्र इथे एक फाटा आहे. शॉकअपचा स्ट्रोक तोच ठेवला तर लांब चिमट्यात चाकाची हालचाल १२० ऐवजी १४५ मिमी होते. ती पूर्ण वापरायला वर जागा असेल तर सॅगही त्याच प्रमाणात वाढू द्यायला हरकत नाही, आणि मग १२ ते १३ टक्के कडक स्प्रिंग पुरते. पण जागा नसतेच बहुधा. टायर मागे सरकलेलं असतं, वर मडगार्ड नाहीतर शेपटीची चौकट. स्प्रिंग काढून नुसता डँपर (शॉकअपची आतली तेलाची नळी) बसवा आणि जॅकने चाक वर ढकला. डँपर संपायच्या आधी टायर कुठे घासतं ते डोळ्यांनी बघा. घासत असेल तर दांडीवर स्पेसर टाकून स्ट्रोक कमी करा आणि ३६ टक्क्यांच्याच हिशेबाने जा. ही तपासणी टाळून गाडी देऊ नका. लाँचला, म्हणजे शर्यतीत सुटताना, मागची बाजू दबते त्या क्षणी टायर मडगार्डला लागलं तर स्वाराच्या हातात काही उरत नाही.

दोन शॉकअपवाल्या गाड्यांत, म्हणजे यामाहाच्या आरएक्ससारख्यांत, गंमत वेगळी. तिथे खालचा बोल्ट ॲक्सलजवळ असतो. चिमटा लांबवताना तो बोल्टही मागे नेला आणि वरचा बोल्ट फ्रेमवर तिथेच राहिला, की शॉकअप आडवा होतो. चिमट्याच्या काटकोनापासून ३० अंश कलला तर चाकापाशी स्प्रिंगचा तीन चतुर्थांश कडकपणा उरतो, ४५ अंशांवर निम्मा. खालचा बोल्ट जुन्या जागीच ठेवला तर वरचं तरफेचं गणित लागू. यातलं तुम्ही काय केलंय ते आधी ठरवा, मग स्प्रिंग बघा.

डँपिंगबद्दल थोडक्यात, पण विसरू नका. तेसुद्धा त्याच वर्गाने घटतं. नवी कडक स्प्रिंग घालून जुनं तेल, जुने शिम (डँपरमधल्या पातळ चकत्या) ठेवलेत तर गाडी एका धक्क्यावर दोनदा उसळेल. डँपर उघडता येणारा आणि रिबाउंड बाहेरून फिरवता येणारा शॉकअप घ्या, हे माझं ठाम मत. महागडा बंद शॉकअप घेण्यापेक्षा दुरुस्त करता येणारा जुना बरा.

आता शॉर्टकट. स्प्रिंगचे वेढे कापणं हा कोल्हापुरातला सगळ्यात लाडका उपाय. वेढे कमी केले की स्प्रिंग कडक होते, हे शास्त्र खरं आहे. पण उंची जाते, टोक सपाट राहत नाही, शीटवर तिरकं बसतं आणि दांडीवर बाजूचा दाब येऊन सील फुटतं. करू नका. नवी स्प्रिंग वळवून घ्या. कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, त्यामुळे व्यास आणि वेढे तेच ठेवून १० मिमीच्या जागी १०.८ मिमी तार घेतली तरी ३६ टक्के निघतात. मात्र जाड तारेचे वेढे पूर्ण दाबल्यावर एकमेकांना टेकत नाहीत ना, ते मोजून घ्या. ज्या गावाने पिढ्यान् पिढ्या ओतकाम आणि ऑइल इंजिनं केली तिथे एक स्प्रिंग मापात करून देणारा मिळत नाही असं मी मानत नाही. फक्त कागदावर माप घेऊन जा. “जरा कडक द्या” हे माप नव्हे.

ॲल्युमिनियमचा चिमटा कापून जोडू नका. उष्णतेने मजबुती दिलेल्या ॲल्युमिनियममध्ये वेल्डिंगच्या शेजारचा भाग मऊ पडतो, आणि नेमका तिथेच वाकण्याचा ताण असतो. नळीचा किंवा बॉक्सचा पूर्ण नवा चिमटा जिगवर बनवा. लांबी ठरवताना चेनही बघा: ४२८ चेनची पिच १२.७ मिमी, दोन कड्या वाढल्या की ॲक्सल एक पिच मागे जातो. म्हणून १०० ऐवजी १०१.६ मिमी धरलंत तर १६ कड्या बरोबर बसतात.

गुरूबद्दलही बोलायला हवं. हात बसलेला मेस्त्री मिळणं हे नशीब आहे, त्याचा वेल्ड, त्याचा कान तुम्हाला कुठल्याही वर्गात मिळणार नाही. पण जो सॅग मोजायला पट्टी काढत नाही आणि “का” विचारल्यावर चिडतो, त्याच्याकडे वेल्डिंग शिका आणि सस्पेन्शन दुसरीकडे शिका. याला अपमान म्हणत नाहीत.

कायद्याचं सरळ सांगतो. आरसीवर व्हीलबेसचा आकडा असतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली उत्पादकाच्या नोंदीपेक्षा वेगळे बदल चालत नाहीत, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. लांब गाडी ट्रेलरवरून ट्रॅकवर न्यायची. पन्हाळ्याच्या किंवा गगनबावड्याच्या घाटात ती वळायलाही जड पडते, आणि ऊस वाहतुकीने चिरलेल्या रस्त्यावर तिचं पोट गतिरोधकाला लागतं.

एवढं वाचून घाबरला असाल तर घाबरू नका. सगळं गणित सातवीच्या भागाकाराचं आहे आणि एका संध्याकाळी वहीत बसतं. पहिल्या गाडीला वेळ लागेल, लागू द्या.

स्प्रिंग बसली की डँपरच्या दांडीवर पातळ केबल टाय घट्ट ओढून बॉडीच्या सीलला टेकवा. स्वार पूर्ण पोशाखात बसवून सॅग घ्या, मग एकट्या गाडीचा घ्या, दोन्ही आकडे तारीख घालून लिहा. एक हलकं लाँच करून टाय कुठवर सरकला ते बघा. स्टॉपरच्या अलीकडे थोडी जागा उरली पाहिजे. टाय टोकाला गेला असेल तर नट आवळू नका, आधी वही उघडा आणि स्प्रिंग रेट पुन्हा काढा.