बजेटमधल्या दोन स्मार्टफोनपैकी एक कसा निवडावा : सोलापूरच्या खरेदीदारासाठी मार्गदर्शन

दहा ते पंधरा हजारांत फोन घ्यायचा असे ठरवून नवी पेठेतल्या दुकानात गेलेल्या माणसासमोर अर्ध्या तासात बहुधा दोनच फोन उरतात आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते. दोन्ही दिसायला सारखे असतात, किमतीत पाच-सातशेचा फरक असतो आणि दोन्ही खोक्यांवर मोठमोठे आकडे छापलेले असतात. अशा वेळी शेवटचा कौल बहुतेकदा विक्रेत्याच्या बोलण्यावर किंवा फोनच्या रंगावर जातो. दोन फोनांची तुलना क्रमाक्रमाने कशी करावी, कोणत्या आकड्यांकडे लक्ष द्यावे आणि कोणते सोडून द्यावेत, हे पुढे सांगितले आहे. माझे मत आधीच नोंदवतो: या किमतीत मेगापिक्सेल आणि रॅम यांच्या आकड्यांना गरजेपेक्षा जास्त मान मिळतो, तर साठवणुकीचा प्रकार, नेटवर्क आणि अपडेटची मुदत यांची चौकशी फारसे कोणी करत नाही.

पायरी १ : दुकानात जाण्यापूर्वी घरी कागद घ्या

फोन कोण वापरणार आहे आणि दिवसभरात कशासाठी, हे चार-पाच ओळींत लिहून काढावे. किराणा दुकानदाराला दिवसभर यूपीआयचे व्यवहार आणि व्हॉट्सअॅपवरच्या ऑर्डरी सांभाळायच्या असतात, विद्यापीठात शिकणाऱ्या मुलीला पीडीएफ वाचायच्या आणि व्याख्याने पाहायची असतात, घरच्या आजींना अक्षरे मोठी हवीत आणि आवाज खणखणीत हवा. एकच फोन या तिघांनाही सारखाच चांगला ठरेल असे नाही. आता वापरात असलेल्या फोनचा नेमका त्रास काय, हेही त्याच कागदावर लिहावे. जागा भरते, चार्जिंग संध्याकाळपर्यंत पुरत नाही की घरात रेंज येत नाही? नव्या फोनने निदान तेवढा त्रास तरी दूर केला पाहिजे.

पायरी २ : जे सारखे आहे ते खोडून टाका

कंपनीच्या संकेतस्थळावरून दोन्ही फोनांची माहिती घेऊन दोन रकान्यांत उतरवावी आणि ज्या ओळी सारख्या आहेत त्यांवर सरळ रेघ मारावी. या गटात ५००० एमएएचच्या आसपासची बॅटरी, टाइप-सी पोर्ट, दोन सिम आणि ५० मेगापिक्सेलचा मुख्य कॅमेरा या गोष्टी बहुतेक फोनांत असतात, त्यामुळे त्यांवरून निवड होत नाही. रेघ मारून झाल्यावर पाच-सहा ओळी उरतात आणि तुलना करायची ती तेवढ्याच ओळींची.

नमुन्यादाखल अशी एक जोडी घेऊ. पहिला फोन ४जी आहे, चिप १२ नॅनोमीटरची, रॅम (चालू कामांसाठीची तात्पुरती स्मृती) ८ जीबी, साठवण २५६ जीबी पण ईएमएमसी ५.१ या संथ प्रकारची, पडदा फुल एचडी प्लस, म्हणजे अधिक रेखीव, आणि खोक्यात ३३ वॅटचा चार्जर. दुसरा फोन ५जी आहे, चिप ६ नॅनोमीटरची, रॅम ६ जीबी, साठवण १२८ जीबी पण यूएफएस २.२ या वेगवान प्रकारची, पडदा एचडी प्लस आणि चार्जिंग १५ वॅटचे. किंमत जवळपास सारखीच. खोक्यावरचे आकडे वाचले तर पहिला फोन सरस वाटतो, आणि दुकानात तोच पुढे केला जाण्याची शक्यता अधिक.

पायरी ३ : चिप आणि साठवण एकत्र वाचा

चिप म्हणजे फोनचा मेंदू. तिच्या नावापुढचा नॅनोमीटरचा आकडा ती कोणत्या पद्धतीने बनली आहे हे सांगतो. साधारणपणे हा आकडा जितका लहान, तितकेच काम ती कमी विजेत आणि कमी तापून करते. या गटातल्या हेलिओ जी८५, युनिसॉक टी६०६ या १२ नॅनोमीटरच्या आणि फक्त ४जी चिपा आहेत. डायमेन्सिटी ६३०० ही ६ नॅनोमीटरची, तर स्नॅपड्रॅगन ४ जेन २ ही ४ नॅनोमीटरची, आणि या दोन्ही ५जी आहेत.

चिपपेक्षाही जास्त दुर्लक्षित राहते ती साठवण. अॅप उघडताना, फोटो जतन करताना, अपडेट चढताना फोन साठवणुकीतून वाचत आणि तिच्यात लिहीत असतो. ईएमएमसी ५.१ चा वाचनाचा वेग सेकंदाला साधारण अडीच-तीनशे एमबी इतका असतो, तर यूएफएस २.२ चा त्याच्या तिप्पट-चौपट. शिवाय यूएफएसला वाचणे आणि लिहिणे एकाच वेळी जमते, ईएमएमसीला ते आळीपाळीने करावे लागते. माग कितीही वेगाने चालणारा असला तरी कांड्या वेळेवर भरून आल्या नाहीत तर कापड निघत नाही, तसेच इथे होते. व्हॉट्सअॅपच्या फोटोंनी जागा भरत आली की ईएमएमसीचा फोन अडखळू लागतो आणि गिऱ्हाईक समोर उभे असताना यूपीआयचे अॅप उघडायला वेळ लावतो.

रॅमच्या बाबतीत एक सावधगिरी. खोक्यावर किंवा जाहिरातीत ‘१६ जीबीपर्यंत’ असे लिहिलेले असेल तर त्यातली निम्मी रॅम बहुधा आभासी असते, म्हणजे साठवणुकीचाच एक तुकडा रॅम म्हणून वापरलेला असतो. तो खऱ्या रॅमपेक्षा कितीतरी मंद असतो. तुलनेत फक्त खरी रॅम धरावी. आज ४ जीबी कमी पडते, ६ जीबी रोजच्या वापराला पुरते. ८ जीबी मिळाली तर उत्तमच, पण तिच्यासाठी यूएफएस सोडून ईएमएमसी पत्करू नये.

पायरी ४ : नेटवर्क आपल्या सिमशी जुळवून पाहा

भारतात ५जी सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली, पण खोक्यावर ‘५जी’ लिहिलेले आहे एवढ्याने काम भागत नाही. जिओचे ५जी सुरुवातीपासून स्टँडअलोन पद्धतीचे, म्हणजे ४जीच्या आधाराविना चालणारे, आहे, तर एअरटेलने नॉन-स्टँडअलोन पद्धतीने, म्हणजे ४जीच्या आधारावर, सुरुवात केली. काही स्वस्त ५जी फोन केवळ स्टँडअलोन पद्धत जाणतात, त्यामुळे एका कंपनीच्या सिमवर त्यांत ५जी येते आणि दुसरीच्या सिमवर ४जीवरच भागवावे लागते. माहितीपत्रकात दोन्ही पद्धती नोंदलेल्या आहेत का हे पाहावे. त्याखालीच बँडची, म्हणजे फोन ज्या लहरींच्या पट्ट्यांवर चालतो त्यांची, यादी असते. तिच्यात एन७८ हवाच. जिओचे सिम असेल तर एन२८ सुद्धा हवा, कारण ७०० मेगाहर्ट्झचा हा बँड भिंतींतून अधिक चांगला आत शिरतो. जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींमागे राहणाऱ्यांना त्याचा उपयोग होतो.

घर किंवा शेत मंगळवेढा, अक्कलकोट किंवा दक्षिण सोलापूरच्या एखाद्या गावात असेल, तर तिथे कोणत्या कंपनीची रेंज आहे हे आधी विचारून घ्यावे. गावात ५जी पोहोचलेलेच नसेल तर त्या कारणासाठी जास्त पैसे मोजणे निरर्थक आहे. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर इंटरनेट रेंगाळते ते टॉवरवर पडलेल्या गर्दीमुळे. त्यावर कोणत्याच फोनकडे उपाय नाही.

पायरी ५ : दोन्ही फोन हातात घेऊन दाराबाहेर या

दुकानातल्या पांढऱ्याशुभ्र दिव्यांखाली प्रत्येक पडदा चांगलाच दिसतो. दुकानदाराची परवानगी घेऊन दोन्ही फोन उन्हात न्यावेत, प्रकाशमान पूर्ण वाढवावा आणि एकाच मराठी बातमीचे पान दोन्हींवर उघडावे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीसच्या वर असताना रस्त्यावर उभे राहून पत्ता वाचता येईल का, हे तिथे एका मिनिटात कळते. एचडी प्लस आणि फुल एचडी प्लस यांतला फरक मराठी मजकुरात लवकर दिसतो. जोडाक्षरे, रफार, अनुस्वाराचे टिंब ही बारीक चिन्हे कमी रेझोल्यूशनवर किंचित पुसट होतात. फॉन्ट मोठा ठेवणाऱ्याला हा फरक जाणवत नाही, लहान अक्षरांत पीडीएफ वाचणाऱ्याला तो रोज जाणवतो. पडद्याचा ९० किंवा १२० हर्ट्झचा वेग, म्हणजे सेकंदाला तितक्या वेळा चित्र बदलणे, डोळ्यांना सुखावतो, पण त्यासाठी दुसरे काही सोडून द्यावे एवढे त्याचे महत्त्व नाही.

यानंतर बोटाच्या ठशाची चाचणी घ्यावी, आणि ती वापरणाऱ्याच्याच बोटाने. विड्या वळून किंवा मागावर काम करून बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतील तर अनेक फोन ठसा ओळखत नाहीत. आपल्या शहरात असे हात घरोघरी आहेत. कडेच्या बटणातला आणि पडद्याखालचा सेन्सर वेगवेगळ्या पद्धतीने काम करतात, तेव्हा दोन्हींवर ठसा नोंदवून फोन पाच-सहा वेळा उघडून पाहावा. चाचणी झाल्यावर नोंदवलेला ठसा पुसून टाकायला विसरू नये. मागाच्या शेडमध्ये काम करणाऱ्यांनी आयपी मानांकनही पाहावे. त्यातला पहिला अंक धुळीपासूनचे संरक्षण सांगतो, दुसरा पाण्यापासूनचे. आयपी६४ चा फोन धूळबंद असतो आणि उडालेले पाणी सहन करतो. आयपी५२ मध्ये थोडी धूळ आत जाऊ शकते. सुताचे बारीक तंतू चार्जिंगच्या पोर्टमध्ये आणि स्पीकरच्या छिद्रांत मात्र दोन्ही फोनांत बसतात, ते अधूनमधून साफ करावेच लागतात.

घरात तेलुगू किंवा कन्नड, बाहेर मराठी आणि अर्जावर इंग्रजी अशी सवय असेल तर कळफलकाची काळजी करू नये, कारण कोणत्याही अँड्रॉइड फोनवर या सगळ्या भाषा एकत्र बसवता येतात.

दुकानातला नमुन्याचा फोन जवळजवळ रिकामा असतो, म्हणून तो झरझर चालतो, हे ध्यानात ठेवावे. तोच फोन सहा-आठ महिने वापरणारा कोणी नातेवाईक किंवा शेजारी सापडला तर त्याच्या फोनवर दहा मिनिटे घालवणे अधिक उपयोगी ठरते.

कॅमेरा आणि बॅटरी

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात सांगता येते. ५० मेगापिक्सेलचा कॅमेरा नेहमीच्या वापरात चार-चार पिक्सेल एकत्र करून साधारण साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो, आणि मागे दिसणारी दुसरी-तिसरी २ मेगापिक्सेलची भिंगे बहुतेकदा संख्या वाढवण्यासाठीच असतात. दुकानाच्या मागच्या, कमी उजेडाच्या कोपऱ्यात दोन्ही फोनांनी एकाच माणसाचा फोटो काढावा आणि गल्ल्यावर चिकटवलेला क्यूआर कोड कोण लवकर वाचतो ते पाहावे. रोजच्या वापरासाठी एवढी परीक्षा पुरेशी आहे.

बॅटरीच्या बाबतीत सोलापूरचा उन्हाळा विसरून चालत नाही. अनेक कंपन्या आपले फोन ० ते ३५ अंश तापमानात वापरावेत असे सांगतात आणि आपल्याकडे मार्चपासूनच दुपार त्यापुढे जाते. फोन तापला की चार्जिंगचा वेग तो स्वतःच कमी करतो, पडदा मंद करतो, कधी चार्जिंग थांबवतोही; त्यामुळे ३३ वॅटचा लाभ भर दुपारी पूर्ण मिळेलच असे नाही. १५ वॅटच्या फोनला पूर्ण चार्ज व्हायला दोन तासांहून अधिक वेळ लागतो, पण रात्री चार्जिंगला लावणाऱ्याला त्याने काही बिघडत नाही. खोक्यात चार्जर नसेल तर त्याची किंमत फोनच्या किमतीत धरून मगच तुलना करावी.

पायरी ६ : पुढच्या तीन वर्षांचा विचार करा

अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्या किती वर्षे आणि सुरक्षा अपडेट किती वर्षे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, दोन्ही विचारावेत. ही मुदत बहुतेकदा फोन बाजारात आल्याच्या तारखेपासून मोजली जाते, आपण तो विकत घेतला त्या दिवसापासून नव्हे. दीड वर्षापूर्वी आलेला फोन आज सवलतीत मिळत असेल तर त्याची तेवढी मुदत आधीच सरलेली असते. बँकांची अॅप्स कालांतराने जुन्या अँड्रॉइडवर चालणे बंद होतात, म्हणून हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. दुकानातल्या फोनच्या सेटिंगमध्ये ‘सिक्युरिटी अपडेट’ची तारीख दिसते, ती सहा-आठ महिने जुनी असेल तर आधी तो फोन अपडेट करायला सांगावे, आणि तरीही तारीख पुढे सरकली नाही तर कंपनीचा वेग ओळखावा.

दोन्ही कंपन्यांचे अधिकृत सेवा केंद्र सोलापुरात आहे का, हे त्यांच्या संकेतस्थळावर पाहून त्या केंद्राला फोन करावा आणि त्या मॉडेलचा पडदा बदलण्याचा खर्च विचारावा. केंद्र नसेल तर फोन पुण्याला पाठवावा लागतो आणि तितके दिवस दुसऱ्या फोनवर काढावे लागतात.

आता वरच्या जोडीचा निकाल लावता येतो. यूपीआय, व्हॉट्सअॅप, कॉल आणि तीन वर्षांचा वापर डोळ्यांसमोर असेल तर मी दुसरा फोन घेईन, पुसट पडदा आणि संथ चार्जिंग पत्करून. गावात ५जी नाही, चित्रपट साठवून पाहायचे आहेत आणि बारीक अक्षरे वाचायची आहेत, अशा माणसासाठी पहिला फोन चुकीचा नाही.

पायरी ७ : पैसे देताना

ऑनलाइन आणि दुकानातली किंमत ताडून पाहावी, पण बँक कार्डाची सवलत आपल्याकडे ते कार्ड असेल तरच मोजावी. ‘विनाव्याज’ हप्त्यांत प्रक्रिया शुल्क लागते का आणि रोखीने घेतल्यास किंमत कमी होते का, हे दोन्ही प्रश्न विचारावेत. हप्ता थकल्यास फोन बंद करणारे अॅप त्यात बसवले जाणार असेल तर तेही सही करण्यापूर्वी जाणून घ्यावे.

खोके आपल्यासमोर उघडून घ्यावे. *#०६# डायल केल्यावर दिसणारे १५ अंकी आयएमईआय, म्हणजे फोनची ओळख सांगणारे, क्रमांक खोक्यावरच्या आणि जीएसटी बिलावरच्या क्रमांकांशी ताडून पाहावेत. केंद्र सरकारच्या संचार साथी सेवेवर तो क्रमांक टाकून फोनचे मॉडेलही पडताळता येते. पहिल्या आठवड्यात दोन्ही सिमवरून कॉल, स्पीकर, चार्जिंग, जीपीएस आणि कॅमेरा हे सगळे वापरून पाहावे, कारण बदलून मिळण्याची मुदत अनेकदा तेवढीच असते. दोष निघूनही विक्रेता आणि सेवा केंद्र दाद देत नसतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. त्यानंतरही प्रश्न सुटला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. वस्तूची किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर तिथे तक्रारीसाठी शुल्क लागत नाही. तक्रारीसोबत बिलाची प्रत लागते, म्हणून त्याचा फोटो काढून तो घरातल्या दुसऱ्या फोनवर ठेवावा.