टीव्ही टांगण्याआधी पुठ्ठ्याचा साचा करून घ्यावा

भिंतीला भोके पाडून टीव्ही चढवल्यावर तो वीतभर उंच लागल्याचे लक्षात आले, तर जुनी भोके बुजवून सारे काम पुन्हा करण्याशिवाय गत्यंतर राहत नाही.

ब्रॅकेट (टीव्ही भिंतीला धरून ठेवणारा धातूचा सांगाडा) घेण्यापूर्वी टीव्हीच्या मागील चार छिद्रांमधले आडवे व उभे अंतर मिलिमीटरमध्ये मोजावे. व्हेसा या टीव्ही टांगण्याच्या छिद्रांच्या मानकानुसार ते 200×200, 400×400 अशा ठरावीक मापांचे असते आणि ब्रॅकेटवर हेच माप व पेलणारे कमाल वजन दिलेले असते.

मग सपाट जागी मऊ चादरीवर टीव्ही पालथा ठेवून त्याच्या पाठीवर संपूर्ण ब्रॅकेट बसवावे आणि टीव्हीच्या आकाराचा पुठ्ठा त्यावर धरून ब्रॅकेटच्या भिंतीकडच्या पट्टीची भोके पुठ्ठ्यावर उतरवून आरपार टोचावीत. हा पुठ्ठा, खुणांची बाजू भिंतीकडे ठेवून (नाहीतर डावे-उजवे उलटते), चिकटपट्टीने लावावा व नेहमीच्या जागी बसून पाहावे. पडद्याचा मध्य साधारण डोळ्यांच्या रेषेत यावा. मी तर तो एक संध्याकाळभर तसाच ठेवावा असे आग्रहाने सांगेन, कारण उंची खटकते ती सहसा निवांत बसल्यावरच. उंची पटली की पुठ्ठा लेव्हलने (पाणसळीने) सरळ करून त्यातूनच खिळ्याने भिंतीवर खुणा कराव्यात.

स्विच किंवा सॉकेटच्या सरळ वर, खाली वा बाजूला मात्र ड्रिल चालवू नये, कारण भिंतीतल्या वायरी बहुधा त्याच रेषेत गेलेल्या असतात.